पेट्रोल आणि तार

मोटारीचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे वक्ते बहुधा इंजिनाचा किंवा वेगाचा इतिहास सांगतात. तारेचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक मोटारीचे अंतरंग तारेने जितके पालटले तितके दुसऱ्या कशाने पालटले असेल असे मला वाटत नाही. आज त्या तारेविषयीच बोलावयाचे आहे, आणि तेही एका नेमक्या प्रश्नाच्या अनुषंगाने. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या गाडीला इंजेक्शनची व्यवस्था बसवावयाची झाली, तर काम फसते कोठे? माझ्या मते दहांतून आठ वेळा ते तारेत फसते. हे असे का, ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या हिंगोलीच्या रस्त्यांना इंजेक्शन ही काही नवलाई नव्हे. निजामाच्या अमदानीत १९३२ साली रेल्वे खात्याने मोटारवाहतूक हाती घेतली. पुढे १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक देशात तयार होऊ लागले आणि एसटीच्या डिझेल गाड्याही आपल्या अंगवळणी पडल्या. डिझेल म्हटले की इंजेक्शन आलेच, कारण तेथे ठिणगी नसते; दाबून तप्त केलेल्या हवेत तेलाचा फवारा मारावा लागतो. जर्मनीच्या बॉश कंपनीने असा पंप १९२७ साली बाजारात आणला. तो इंजिनाच्याच दातेरी चाकांवर फिरे. त्याला तारेशी कर्तव्य नव्हते. एकदा इंजिन सुरू झाले की बॅटरी उतरवून ठेवली तरी गाडी हिंगोलीहून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आली असती.

पेट्रोलच्या गाडीत तार पहिल्यापासून होती, परंतु ती ठिणगीपुरती. पेट्रोल आपले कार्ब्युरेटरातून, हवेच्या ओढीने, आपोआप येई. म्हणूनच गॅरेजांत दोन वेगळे धंदे उभे राहिले. इंजिनाचा मिस्त्री निराळा आणि वायरिंगवाला निराळा. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालू नये असा अलिखित करारच जणू होता. हा करार कसा मोडला, तीच पुढची कथा.

पेट्रोलचे माप विजेने करावे हा विचार अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने प्रत्यक्षात आणला. १९५८ सालच्या क्रायस्लर समूहाच्या गाड्यांवर तिची 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची व्यवस्था बसविण्यात आली. गाड्या किती? अवघ्या ३५! त्यांतील बहुतेकांना पुढे ती काढून पुन्हा कार्ब्युरेटर बसवावे लागले. कल्पना उत्तम होती, पण त्या काळचे विजेचे सुटे भाग इंजिनाची उष्णता आणि हादरे सोसू शकले नाहीत. इंजेक्शन आणि कार्ब्युरेटर यांची अदलाबदल करावयाची हा उद्योग असा थेट जन्मापासूनचा आहे. फक्त पहिली अदलाबदल उलट्या दिशेने झाली! बेंडिक्सची पेटंटे पुढे बॉशने वापरली, आणि १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीवर 'डी-जेट्रॉनिक' आले. त्यास निमित्त झाले अमेरिकेतील धुराविषयीच्या कडक कायद्यांचे. ज्याला आज आपले मिस्त्री 'ईसीएम' म्हणतात त्या पेटीचे ते आजोबा.

आपल्याकडेही हे धुरामुळेच घडले. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी कडक आदेश दिले. त्याच सुमारास, १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा जन्मास आला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आणि १ एप्रिलपासून धुराचे नवे मानक लागू झाले. मारुती ८०० सारखी घरगुती गाडीसुद्धा इंजेक्शनवर आली. जिप्सीचेही तेच, एकच गाडी आधी कार्ब्युरेटरची, मग इंजेक्शनची. त्यामुळे जुन्या जिप्सीला नव्या जिप्सीचे सामान चढविण्याची हौस निर्माण झाली, आणि मग तीच हौस अँबॅसडर आणि पद्मिनीपर्यंत पोहोचली.

आता खरी मेख पाहू. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी एक बारीक झडप. ती किती वेळ उघडी राहावी हे पेटी ठरविते. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावयाचा. परंतु विजेचा दाब कमी झाला की झडप आळशी होते, उशिरा उघडते. पेटीला हे ठाऊक असते. ती स्वतःपाशी पोहोचलेला व्होल्टेज पाहून वेळ वाढवून देते. पण इंजेक्टरकडे जाणारी तार बारीक असेल, जोड पिळून काळी चिकटपट्टी गुंडाळलेला असेल, तर पेटीपाशी साडेतेरा व्होल्ट आणि इंजेक्टरपाशी साडेअकरा अशी स्थिती होते. पेटीचा हिशेब चुकतो, पेट्रोल कमी पडते. तारेतील गळती ही थेट पेट्रोलची चूक ठरते. कार्ब्युरेटरच्या गाडीत वाईट जोडामुळे फार तर दिवा मिणमिणला असता.

याहून मौजेचे उदाहरण पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचे. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा विद्युतरोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना सव्वातीनशेपर्यंत उतरतो. जोड गंजला आणि तेथेच आणखी तीनशे ओहम पडले, तर ८० अंशांवरचे इंजिन पेटीला ६० अंशांचे भासते व ती जास्त पेट्रोल सोडते. तार साफ तुटली तर रोध अनंत, म्हणजे कडाक्याची थंडी! वैशाखात हिंगोलीचा पारा बेचाळिशीवर असावा आणि गाडीने मात्र हिमालयात असल्यासारखे काळा धूर ओकत पेट्रोल प्यावे. पुढच्या काळातील पेट्या असे अशक्य माप ओळखतात. जुन्या ओळखत नसत.

तेव्हा जुन्या गाडीत हात घालण्यापूर्वी वीज येते किती, हे पाहणे पहिले. अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची वंशज. त्या घराण्याच्या जुन्या गाड्यांत डायनॅमो असे, आणि तो फार तर वीस-बावीस अँपिअर देई, तेही गाडी पळत असताना. सिग्नलला उभ्या गाडीत तो जवळजवळ काहीच देत नाही. इंजेक्शनचा पंप एकटाच पाचेक अँपिअर अखंड ओढतो. म्हणून आधी अल्टरनेटर. याच घराण्याच्या कित्येक गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे. ते तसेच ठेवून पेटी जोडली तर पेटी गेलीच म्हणून समजा.

पेटीला वीज कोठून द्यावी? अनेकजण सोयीचे म्हणून कॉइलची तार धरतात. हे चुकीचे आहे. काही गाड्यांत तेथे रोधक असतो, म्हणून व्होल्टेज आधीच उतरलेले. शिवाय चावीच्या काही जागा स्टार्टर फिरताना बंद पडतात, आणि नेमकी तेव्हाच पेटीला वीज हवी असते. बॅटरीपासून जाड तार, तिच्या तोंडाशीच फ्यूज, आणि मग रिले हीच सरळ वाट. अर्थचे टोक गंजक्या पत्र्यावर न टेकवता इंजिनाच्या धडावर, सेन्सरांच्या सर्व अर्थ तारा एकाच ठिकाणी. इंजिनाच्या फेऱ्या सांगणारी तार जाळीच्या वेष्टनाची हवी आणि प्लगच्या तारांपासून दूर, नाहीतर ठिणगीचाच आवाज पेटीला फेरी वाटतो.

पंपाच्या रिलेविषयी मात्र तडजोड नाही. कार्ब्युरेटरला वातावरणाच्या पावपट दाबाचे पेट्रोल पुरे. इंजेक्शनला अडीच ते तीनपट लागते. इंजिन थांबले की पंप थांबलाच पाहिजे अशी योजना डी-जेट्रॉनिकपासून आहे. ती टाळून पंप थेट चावीवर जोडणे म्हणजे गाडी उलटल्यावरही फुटक्या नळीतून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडत राहणार. अशी जोडणी मी पाहिली आहे आणि ती करणारा कारागीर कामात वाईट नव्हता. त्याला फक्त जुन्या धंद्याची सवय होती. कायद्याचेही भान हवे : १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीशी विसंगत असे फेरफार करू देत नाही, म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

हौशी मंडळींपुरता हा प्रश्न उरला असता तर व्याख्यानाचा विषय झाला नसता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे मानक आले आणि नव्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. वसमतच्या आठवडी बाजाराला किंवा कळमनुरीच्या गॅरेजात येणारी नवी दुचाकी आता तारेवर चालते, आणि तिच्यापुढे इंजिनाचा मिस्त्री व वायरिंगवाला एकच माणूस व्हावा लागतो. पूर्वी तो कान लावून दोष ओळखी. आता काही कंपन्यांच्या दुचाकींत हँडलवरच्या दिव्याची उघडझाप मोजावयाची असते : लांब उघडझाप दहाची, आखूड एकाची.