बोलक्या इंजिनांचे छोटे रूळ

एका आजारी मुलाचे मन रमविण्यासाठी सांगितलेल्या गोष्टींतून ‘थॉमस’ हे निळे इंजीन जन्माला आले. पुस्तक, दूरचित्रवाणी आणि संगणक असा प्रवास करून ते जगभर पोहोचले. मूळ मालिकेने छोट्या प्रतिकृतींचा वापर थांबविल्यानंतर मात्र त्या इंजिनांचे रूळ हौशी रसिकांनी आपल्या घरांत मांडले. या छंदामागील इतिहासाचा आणि तंत्राचा हा परिचय.

११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरील वाफेच्या इंजिनाची अखेरची प्रवासी फेरी पूर्ण केली. कारखान्यात तयार होऊन अवघी आठ-दहा वर्षे झालेली इंजिनेही त्या काळात भंगारात निघाली. ज्यांचे बालपण रुळांच्या कडेला धूर पाहण्यात गेले, त्यांच्या दृष्टीने ही केवळ यंत्रांची अदलाबदल नव्हती. वाफेच्या इंजिनाला स्वभाव असतो, ते चढावर कुरकुरते आणि उतारावर खुशीत येते, ही भावना चालकांत आणि प्रवाशांत खोलवर रुजलेली होती. याच भावनेला शब्दरूप देण्याचे काम एका पाद्र्याने त्याआधी दोन दशकांहून अधिक काळ चालविले होते.

बॉक्सच्या चढावरील संवाद

विल्बर्ट ऑड्री यांचा जन्म १५ जून १९११ रोजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात झाला. वडीलही पाद्री आणि रेल्वेचे निस्सीम चाहते. पुढे हे कुटुंब विल्टशायरमधील बॉक्स या गावी राहावयास आले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रसिद्ध बोगदा येथून जवळच आहे आणि बोगद्याकडे जाणारा मार्ग १०० फुटांना एक फूट अशा चढाचा आहे. रात्री अवजड मालगाडी चढावर आली, की पुढचे इंजीन धापा टाकी आणि मागून रेटा देण्यासाठी लावलेले दुसरे इंजीन त्याला प्रतिसाद देई. अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येणाऱ्या त्या आवाजांत बालवयीन ऑड्री यांना दोन इंजिनांचे संभाषण ऐकू येऊ लागले.

१९४२ साली त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर गोवराने आजारी पडला. बर्मिंगहॅमजवळच्या घरी, ऐन युद्धकाळात, वडिलांनी त्याला इंजिनांच्या गोष्टी सांगावयास सुरुवात केली. मुलाने त्या पुन:पुन्हा सांगावयास लावल्या आणि तपशिलात फरक पडताच तक्रारही केली. विसर पडू नये म्हणून गोष्टी कागदावर उतरल्या आणि पत्नी मार्गारेट यांच्या आग्रहामुळे प्रकाशकाकडे गेल्या. १९४५च्या मे महिन्यात पहिले पुस्तक निघाले. थॉमस त्यात नव्हता. तो आला १९४६ सालच्या दुसऱ्या पुस्तकात. १९७२ पर्यंत ऑड्री यांनी २६ पुस्तके लिहिली. १९८३ पासून ख्रिस्तोफर यांनी ही माला पुढे नेली आणि २०११ साली ती ४२ पुस्तकांवर थांबली.

खऱ्या रेल्वेचा नियम

या कथांचे वेगळेपण एका अटीत आहे. इंजिनांना चेहरे आहेत, ती बोलतात, रुसतात, बढाया मारतात. परंतु रेल्वेचे नियम मोडून ती काहीही करू शकत नाहीत. चालक, फायरमन, गार्ड, सिग्नल आणि सांधे यांच्या चौकटीतच कथा घडते. बहुतेक प्रसंग कोठे ना कोठे खरोखर घडलेल्या घटनांवर आधारलेले असत. चित्रकारांकडूनही ऑड्री हीच अचूकता अपेक्षीत. सी. रेजिनाल्ड डाल्बी यांनी रंगविलेले पर्सी हे छोटे इंजीन लाल पट्ट्यांच्या हिरव्या सुरवंटासारखे दिसते, असा शेरा त्यांनी मारला होता. १९५६ नंतर डाल्बी या मालेतून बाजूला झाले.

पुस्तकांतील विसंगती दाखविणारी बालवाचकांची पत्रे येऊ लागली, तेव्हा ऑड्री यांनी आपल्या इंजिनांना हक्काचा भूगोल दिला. बॅरो-इन-फर्नेस आणि आइल ऑफ मॅन यांच्यामधील समुद्रात त्यांनी ‘सोडोर’ हे काल्पनिक बेट वसविले. ‘सोडोर अँड मॅन’ या नावाचे धर्मप्रांत अस्तित्वात आहे. मॅन बेट आहे, मग सोडोर का नाही, अशी ही मिस्कील कल्पना. बंधू जॉर्ज यांच्या साह्याने त्यांनी बेटाचा इतिहास, भाषा आणि रेल्वेमार्ग इतक्या बारकाईने रचले, की १९८७ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ऑड्री स्वत: प्रतिकृती-रेल्वेचे जाणकार होते. थॉमसच्या शाखामार्गाची छोटी मांडणी ते प्रदर्शनांतून लोकांना दाखवीत. स्वयंसेवकांनी १९५१ साली वाचविलेल्या वेल्समधील टॅलिलिन या अरुंद रुळांच्या रेल्वेवर त्यांनी गार्डचे कामही केले आणि त्या अनुभवातून सोडोरवरील डोंगरी रेल्वे आकाराला आली. पुढे भंगाराच्या अड्ड्यातून निसटून सोडोरच्या आश्रयाला येणारी इंजिनेही त्यांच्या कथांत दिसू लागली.

पडद्यावर आलेला हात

प्रतिकृतींच्या साह्याने या गोष्टी पडद्यावर आणण्याचा पहिला प्रयत्न फसला. जून १९५३ मध्ये बीबीसीने पावसाला घाबरून बोगद्यात दडून बसणाऱ्या हेन्रीची गोष्ट खेळण्यातल्या विजेच्या गाड्या वापरून थेट प्रक्षेपित केली. सांधा नीट लावलेला नसल्याने इंजीन रुळांवरून घसरले आणि ते उचलून पुन्हा रुळांवर ठेवणारा माणसाचा हात साऱ्या देशाने पाहिला. ऑड्री या प्रकाराने कमालीचे संतापले.

यश मिळावयास तीन दशके लागली. निर्मात्या ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांनी हक्क मिळविले आणि दिग्दर्शक डेव्हिड मिटन यांच्या चमूने ऑक्टोबर १९८४ मध्ये मालिका ब्रिटनच्या पडद्यावर आणली. निवेदन होते ‘बीटल्स’ वाद्यवृंदातील रिंगो स्टार यांचे. मिटन यांनी पूर्वी ‘थंडरबर्ड्स’ या बाहुल्यांच्या मालिकेत दृश्यचमत्कारांचे काम केले होते. त्यांनी ४५ मिलिमीटर रुळांतराची, म्हणजे ‘गेज वन’ मापाची, मोठी प्रतिकृती निवडली. चेहरे साच्यातून काढलेले व बदलता येणारे होते. ओठ हलत नसत. दूरनियंत्रणाने फक्त डोळे फिरत. एका चेहऱ्याऐवजी दुसरा बसविला, की आनंद जाऊन राग येई. उरलेले काम निवेदकाचा आवाज आणि धुराडातून निघणारा धूर करी. याच मर्यादेमुळे इंजिनांना भारदस्तपणा आला. ती यंत्रेच वाटत आणि तरीही जिवंत वाटत.

तिसऱ्या पर्वापासून मालिकेत पुस्तकाबाहेरच्या कथा वाढल्या आणि रेल्वेचे नियम सैल झाल्याबद्दल ऑड्री यांनी नापसंती व्यक्त केली. १९९७ साली त्यांचे निधन झाले. २००८ नंतर प्रतिकृती बाजूला सारून मालिका पूर्णपणे संगणकीय चित्रांवर गेली, तर २०२१ मध्ये तिने हस्तचित्रासारखे सपाट रूप घेतले.

हौशी स्टुडिओ

नेमक्या याच काळात प्रतिकृतींवर वाढलेली मुले मोठी झाली होती. स्वस्त डिजिटल कॅमेरे हाती आले होते आणि २००५ साली सुरू झालेल्या यूट्यूबमुळे चित्रफीत जगासमोर ठेवणे सोपे झाले होते. मालिकेने सोडलेला मार्ग या पिढीने उचलला. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत घरातल्या टेबलावर, माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये सोडोर बेट उभे राहू लागले.

हौशी निर्माते बहुधा ‘डबल ओ’ मापाची इंजिने वापरतात. हॉर्नबीने १९८५ पासून आणि बाखमनने २००२ पासून थॉमस व त्याच्या मित्रांच्या अशा प्रतिकृती बाजारात आणल्या. प्रमाण १:७६, रुळांतर १६.५ मिलिमीटर. तळहातावर मावेल एवढे हे इंजीन असते. बाजारात न मिळणारी पात्रे दुसऱ्या इंजिनाला कापून, जोडून, रंगवून तयार करावी लागतात. चेहरे पूर्वी पुटीने हाताने घडवीत. आता संगणकावर आरेखन करून त्रिमितीय मुद्रकावर काढतात.

खरी कसोटी चित्रीकरणात लागते. कॅमेरा उंचावर ठेवला, तर खेळणे दिसते. रुळांच्या पातळीवर आणला, तर इंजीन दिसते. हलक्या प्रतिकृतीची थरथर लपविण्यासाठी दृश्य अधिक वेगाने चित्रित करून संथ दाखवितात. त्यामुळे डब्यांना वजन आल्याचा भास होतो. धूर तेल तापवून काढतात किंवा संगणकावर मागाहून भरतात. पाच मिनिटांच्या कथेमागे कित्येक आठवड्यांचे कष्ट असू शकतात आणि एका धुळीच्या कणानेही इंजीन मध्येच अडते.

कथांचे दोन प्रवाह ठळकपणे दिसतात. काही जण ऑड्री यांची पुस्तके अक्षरश: पडद्यावर आणतात, विशेषत: मूळ मालिकेने वगळलेल्या गोष्टी. काही जण नव्या कथा लिहितात. त्यांत भंगारात जाण्याची भीती, डिझेलशी स्पर्धा, उतारवय असे गंभीर विषय येतात. पात्रांचे हक्क २०१२ पासून मॅटेल या खेळणी कंपनीकडे असल्याने हा सारा उद्योग परवान्याशिवाय चालतो. म्हणूनच काहींनी स्वत:ची बेटे आणि स्वत:ची इंजिने निर्माण करणे पसंत केले आहे. या रसिकवर्गावर ‘ॲन अनलाइकली फॅन्डम’ हा माहितीपट २०२३ साली आला.

स्वमग्न मुलांना थॉमसची विशेष ओढ असते, हे ब्रिटनमधील ‘नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी’च्या अभ्यासातून पुढे आले होते. ठरलेला मार्ग, स्पष्ट चेहरे आणि सुटणारे पेच ही त्यामागील कारणे सांगितली जातात. २०२२ मध्ये मालिकेने ‘ब्रुनो’ हा स्वमग्न ब्रेकव्हॅन पात्र म्हणून आणला.

भारताशी नाते

२०१६ सालच्या ‘द ग्रेट रेस’ या चित्रपटात आशिमा हे भारतीय इंजीन सोडोरवर आले. निलगिरी रेल्वेच्या दातेरी रुळांवर चढणाऱ्या ‘एक्स’ वर्गातील इंजिनांवरून ते बेतलेले आहे. प्रतिकृती-रेल्वेचा छंद महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अशाच एका व्यक्तीच्या आयुष्यभराच्या छंदातून उभे राहिले.

या कथेला एक चटका लावणारी बाजू आहे. थॉमसचे रूप ज्या ‘ई-२’ वर्गावरून घेतले, त्या वर्गाची फक्त दहा इंजिने १९१३ ते १९१६ या काळात बांधण्यात आली होती. १९६३ पर्यंत ती सर्व निकालात निघाली. एकही जतन झाले नाही. त्यामुळे जगातील सर्वाधिक ओळखीच्या या इंजिनाचा मूळ भाऊबंद आज कोणत्याही रुळावर उभा नाही. तो धावतो आहे, तो साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर. आणि अधूनमधून तो घसरतो, तेव्हा त्याला उचलून ठेवणारा हात आता त्याच्यावर प्रेम करणाऱ्याचा असतो.