उरलेल्या दिवसांचे वाङ्मय

श्रावणातील अमावास्येला पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा चढविला जातो. पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरील माणसे त्या झेंड्यासाठी परस्परांवर दगडांचा मारा करतात. अनेकांची डोकी फुटतात. काही वर्षी तर प्राणही गेले आहेत. गोटमारीचे हे वृत्त दूरदूरच्या दैनिकांतून छायाचित्रांसह झळकते. बाहेरच्या जगाला पांढुर्ण्याचे स्मरण होते ते बहुधा याच एका दिवशी. वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मात्र क्वचितच कोणाच्या लेखणीस विषय पुरवितात.

ते दिवस काही रिकामे नसतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात. देवादिकांपासून सावकारापर्यंत कोणाचीही गय न करणारी ही मौखिक कविता आहे. गोटमारीच्याच दिवशी नागपूर प्रांतीच्या गावोगावी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. संत्र्याच्या बागेला ताण द्यावयाचा की नाही, आंबिया बहार धरावयाचा की मृग, याची चर्चा विहिरीच्या पाण्याकडे पाहत घरोघर चालते. परंतु यात लिहिण्याजोगे काय आहे, असा प्रश्न निरक्षराने नव्हे, तर सुशिक्षितानेच विचारावा, हे आपल्या वाङ्मयीन संस्कारांचे वैगुण्य होय. या प्रश्नाचे उत्तर शोधावयास पुण्या-मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही. ते मराठी गद्याच्या आरंभापाशी आहे, आणि तो आरंभ येथून फारसा दूर नाही.

पांढुर्ण्याहून वरुड आणि मोर्शीच्या वाटेने खाली उतरले की अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर लागते. तेराव्या शतकात येथे गोविंदप्रभू वावरत होते. लोकांच्या दृष्टीने ते वेडे होते आणि परमेश्वरही होते. ते कोणाच्याही घरात शिरत, मुलांबरोबर खेळत, हाती लागेल ते खात. त्यांचे शिष्य श्रीचक्रधर गावोगाव हिंडून सामान्यांशी त्यांच्याच भाषेत बोलले. चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर शोकाकुल अनुयायांसमोर प्रश्न उभा राहिला, की आता त्यांचे काय जतन करावे? म्हाइंभट हे संस्कृत शास्त्रांत पारंगत असे पंडित होते. त्यांनी ठरविले असते तर स्तोत्र किंवा भाष्य रचले असते. त्यांनी तसे केले नाही. ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी विचारल्या आणि तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले.

या ग्रंथात तत्त्वज्ञान आहेच. पण ते कोणत्या प्रसंगी, कोणाच्या दारी, कोणत्या जेवणाच्या वेळी सांगितले गेले, हेही आहे. कोण रुसले, कोणी काय रांधले, कोण कोणाला काय बोलले, याचा तपशील म्हाइंभटांनी क्षुल्लक म्हणून टाकून दिला नाही. चिमणीचे घर आणि कावळ्याचे घर ही प्रत्येक आजी सांगते ती गोष्ट, तिचे मूळ रूपही याच ग्रंथात सापडते. एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी सांगणाराच्या नावासह नोंदविण्याची प्रथाही या परंपरेने पाळली. दैनंदिन जीवन हेच प्रमाण मानावयाचे, तर ज्याने ते जगले त्याची साक्षही जपली पाहिजे, ही जाणीव त्यामागे दिसते.

भाषेविषयीही निर्णय झाला. केशवराजसूरी यांच्यासारख्या पंडिताचा कल संस्कृताकडे होता. तसे केल्याने आपल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानास मुकतील, अशा आशयाचे उत्तर नागदेवाचार्यांनी दिले. याच मंडळींतील महदंबेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी ‘धवळे’ गाइले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. तिने निवडलेला प्रकारही लग्नघरातील बायकांच्या गाण्याचाच होता.

पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले आणि बाहेरच्या जगास त्यांचा शतकानुशतके विसर पडला. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली. ह. ना. नेने यांनी नागपुरात या ग्रंथाच्या प्रकाशनास हात घातला आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ वाचकांच्या हाती आले. तेराव्या शतकातील माणसे काय खात, कशी भांडत, कशी बोलत, हे आज कळते, याचे श्रेय ते सारे क्षुल्लक न मानणाऱ्या एका पंडिताकडे जाते.

दुसरे स्थळ सौंसरच्या शेजारचे आहे. छिंदवाड्याहून नागपूरकडे जाताना सौंसर ओलांडले की पुढे सावनेर येते. राम गणेश गडकरी आजारी अवस्थेत तेथे आले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी तेथेच निवर्तले. संभाजी महाराजांवरील ‘राजसंन्यास’ हे त्यांचे भव्य नाटक अपुरे राहिले. मृत्यूच्या छायेत त्यांनी पूर्ण केले ते ‘भावबंधन’. लग्न, अपमान आणि कुटुंबाची अब्रू या घरगुती धाग्यांवर उभे राहिलेले नाटक. त्यातील विसरभोळा धुंडिराज प्रेक्षकांना परका वाटला नाही, कारण तसा एखादा गृहस्थ प्रत्येकाच्या नात्यात असतोच.

सामान्य जीवन म्हणजे केवळ विनोदाचे कोठार, असा समज मात्र होऊ नये. हिंगणघाटात जन्मलेल्या उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली. कौतिक नावाच्या एका दरिद्री बाईची पोटासाठी आणि मुलांसाठी चाललेली धडपड तीत आहे. वऱ्हाडी बोली येथे हसविण्यासाठी योजलेली नाही. दुःख पेलण्यासाठी ती आली आहे. जी बोली सौंसर-पांढुर्ण्याच्या वावरांत आणि बाजारांत थोड्याफार फरकाने ऐकू येते, तिच्यात श्रेष्ठ कादंबरी उभी राहू शकते, हे या ग्रंथाने सिद्ध केले.

मग सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या पट्ट्याचे दैनंदिन जीवन अलिखित का राहिले? त्याचे एक कारण इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्यप्रदेशातील आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्याबरोबर हा मराठीभाषी मुलूख, नव्या मध्यप्रदेशात राहिला. घरात मराठी आणि शाळा-कचेरीत हिंदी अशी विभागणी झाली. हिंदीने ज्ञानाची व चरितार्थाची दारे उघडली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु ज्या भाषेत मूल रडते, रुसते आणि आजीकडून गोष्ट ऐकते, त्या भाषेत लिहिण्याची सवय पिढ्यांमागून पिढ्या क्षीण होत गेली. तिफण, डवरा, बंडी या शब्दांबरोबर त्यांच्याभोवतीचा संसारही ओठांवरून ओसरत आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही घटना आनंदाच्या आहेत. तथापि शासननिर्णयाने जिल्हा घडतो आणि दर्जाही मिळतो. आजीची आठवण लिहून ठेवण्याचे काम मात्र घरच्यांनाच करावे लागते.

या ठिकाणी जुन्या ग्रंथालयाचे कर्तव्य सुरू होते. शंभर वर्षे ज्या संस्थेने इतरांनी लिहिलेले जपले, तिने आता सभासदांच्या घरांतील अलिखितही मागावे. त्यासाठी प्रतिभेची वाट पाहण्याचे कारण नाही. म्हाइंभटांनी आधी विचारले, मग ऐकले आणि शेवटी लिहिले. हा क्रम एखाद्या सभासदाने आपल्या घरच्या वृद्धांपाशी बसून आजही आरंभावा: बागेला पहिले पाणी कोणी दिले, कोणत्या वर्षी विहीर आटली, लग्नात कोणते गाणे म्हटले गेले, पोळ्याला कोणती झडती गाजली. सांगणाराचे नाव आणि साल लिहावे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात. गोटमारीची नोंद वृत्तपत्रे करीतच राहतील. उरलेल्या दिवसांसाठी ग्रंथालयाच्या कपाटात एक फळी मोकळी असावी.