तारा उतरवून

वाइमेआत उतरलात की आधी थंडी वाजेल. हवाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळू आणि माड येतात. हे गाव मात्र मौना केआच्या उतारावर, अडीच हजार फुटांहून उंच आहे, आणि १८३०च्या दशकातल्या या संध्याकाळी तुमच्याजवळ साधा स्वेटरही नाही. शेकोटीजवळ सरका.

ही माणसं इथे जमलीत ती गुरांमुळे. १७९३ साली कॅप्टन व्हँकूव्हरने पहिल्या कामेहामेहा राजाला गुरं नजर केली, राजाने ती मारायला बंदी घातली, आणि माजलेले कळप लोकांची शेतं तुडवू लागले. त्यांना आवरायला तिसऱ्या कामेहामेहाने मेक्सिकोच्या अमलाखालच्या कॅलिफोर्नियातून घोडेस्वार गुराखी आणवले. ते आले फास, खोगीर आणि गिटार घेऊन.

तुमच्या शेजारच्या हवाईयन पोराच्या मांडीवर त्यांतलीच एक गिटार आहे. तारा कसल्या, तातीच त्या. वाजवणारे पाहुणे निघून गेलेत आणि सूर कसे लावायचे ते नीट कुणी सांगितलेलं नाही. पोरगा सहावी जाड तार ई वरून डी वर उतरवतो. पाचवी ए वरून जी वर. मग पहिली, सगळ्यांत बारीक, तीही ई वरून डी वर. खुंटी कुरकुरते, तो थांबतो, कान लावतो, आणखी किंचित सोडतो. आता डावा हात न लावता नुसतं छेडलं तरी सहाही तारा मिळून जी मेजर बोलतात. त्याचा अंगठा खालच्या सुरांवर आलटून पालटून चालू लागतो, बोटं वर गाणं काढतात, आणि एका गिटारीच्या दोन वाटायला लागतात. हे पहिल्यांदा कुणी केलं याची कुठे नोंद नाही, म्हणून मी पोराला नाव देत नाही. तुम्हीही विचारू नका. इथे शिकायचं ते डोळे आणि कान उघडे ठेवून, तोंड बंद ठेवून.

(आपल्याकडे मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी फिरवून हिंदी गाण्यांच्या धून वाजवतात ती ‘हवाईयन गिटार’ वेगळी. तिला अजून पन्नासेक वर्षं अवकाश आहे.)

होनोलुलूच्या धक्क्यावर फार रेंगाळू नका, पण २३ ऑगस्ट १८७९चा दिवस चुकवूही नका. मदेइरा बेटावरून निघालेलं ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाज चारेक महिन्यांनी लागलंय. उसाच्या मळ्यांसाठी आलेली पोर्तुगीज कुटुंबं उतरताहेत. गर्दीत नुनेस, दियास आणि एस्पिरितो सांतो हे तीन सुतार आहेत, आणि कुणाच्या तरी हातात चार तारांचं चिमुकलं ‘माशेत’. काही वर्षांत हे तिघे इथल्या कोआ लाकडातून तसलीच वाद्यं घडवतील, कालाकाउआ राजा ती दरबारात नेईल, आणि जग त्यांना उकुलेले म्हणेल. उकुलेलेची नाकाकडची तार जाड, खर्जाची असेल अशी गिटारवाल्यांची समजूत असते. ती उंच सुराची निघते आणि अंगठा फसतो.

आता विसाव्या शतकात या. एका ओसरीवर म्हातारबुवा वाजवताहेत. तुम्ही जरा जवळ सरकलात, तर ते हात थांबवतात आणि गिटार खाली ठेवण्याआधी खुंट्या फिरवून सूर मोडून टाकतात. तारा कशा उतरवल्यात हे ज्याच्या त्याच्या घरचं गुपित. आपल्याला हे नवं नाही. अस्थायी शिकवून अंतरा गिळणाऱ्या खाँसाहेबांच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. मला मात्र त्यात चव वाटत नाही. लपवून ठेवलेली विद्या म्हाताऱ्याबरोबर जाते, आणि इथे ती जायच्या बेतात होती.

वाचली ती बरीचशी गॅबी पाहिनुईमुळे. त्याने १९४६ साली ‘हिइलावे’ हे गाणं या पद्धतीने वाजवून रेकॉर्ड केलं आणि बंद घरातला आवाज तबकडीवर आला. सत्तरच्या दशकात वाइमानालोला त्याच्या परसात जा. होनोलुलूच्या रस्त्यांवर खड्डे-डांबर करून पोट भरलेला हा माणूस. इथे कुणी येतं, कुणी जातं, बिअर उघडते, मुलगे गिटारी घेऊन बसतात, आणि खुंट्या कुणीच फिरवत नाही. याच सुमारास, १९७३ साली, केओला बीमरने या वादनाचं शिकवणीचं पुस्तकच छापलं. म्हाताऱ्यांतल्या काहींना ते रुचलं नसणार. मला विचाराल तर उपकार झाले.

आता उन्हाळी संगीत शिबिर, आजचं. पहिल्या सकाळी वर्गात वाटलेल्या कागदावर डी-जी-डी-जी-बी-डी असं सरळ छापलेलं आहे. इथे त्याला ‘टॅरो पॅच’ म्हणतात. खालीच ‘वाहिने’ जुळवणी: तिसरी तार जी वरून अर्धा सूर उतरवून एफ शार्प. मोकळं छेडलं की मेजर सेव्हन्थची गोड खुटखुट. शेजारच्या आजी, वय सत्तरीचं, पेन्सिलीने प्रत्येक तारेला नंबर घालताहेत. शिकवणारा म्हणतो, कागद ठेवा आणि माझ्या अंगठ्याकडे बघा. तो खालच्या दोन तारांवर चालत राहतो. गाणं वर कितीही भटको, हा पायरी चुकवत नाही. तुमचा पहिल्या फेरीतच चुकतो. ‘तुम्ही जरा वेळ उकुलेले घ्या,’ तो म्हणतो, ‘सी धरा.’ पहिल्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटमध्ये, एकच बोट. आजी तेवढ्यात गिटारवर पुढे निघून गेलेल्या असतात.