चिझम ट्रेल

१. टेक्सासमधून, आजच्या ओक्लाहोमामार्गे, कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत जाणारी गुरांची वाट. १८६७मध्ये जोसेफ मकॉय या व्यापाऱ्याने कॅन्ससमधील अ‍ॅबिलीनला गुरांसाठी कुंपणाची आवारे उभारली आणि ही वाट गजबजली. दोन-अडीच हजार लांबशिंगी गुरे दहा-बारा गुराखी हाकत. दिवसाला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर, कारण चरायला सवड न मिळाल्यास गुरे रोडावत. मागच्या गुराख्यांच्या वाट्याला दिवसभर धूळ. म्हणून नाकातोंडावर रुमाल. रात्री गुरे बुजू नयेत म्हणून पहारेकरी गाणी गुणगुणत. चित्रपटांनी या गुराख्यांना बहुतेक गोरेच दाखवले. प्रत्यक्षात त्यांत कृष्णवर्णीय व मेक्सिकन मोठ्या संख्येने होते, हे वाचकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे. काटेरी तारेची कुंपणे, रोगराईमुळे टेक्सासच्या गुरांवर आलेली बंदी आणि रेल्वेचा विस्तार यांमुळे १८८०च्या दशकात ही वाट बंद पडली. — संपादक