न सापडणं आणि नसणं

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश १९२०च्या दशकात निघाला. पहिले पाच प्रस्तावनाखंड सोडले, तर पुढची मांडणी अकारविल्हे. त्या काळी ‘गहूं’ असं लिहीत. पानं उलटणाऱ्याचं अनुस्वारावाचून काही अडत नसे. १९६२च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढले. आता समजा, जुना मजकूर संगणकावर आला आणि बोरिवलीच्या एका विद्यार्थिनीने ‘गहू’ टाइप केलं. अक्षराला अक्षर जुळवणारा शोध सांगणार, ‘काही सापडलं नाही.’ ती समजणार, कोशात गहूच नाही! भाट्ट मीमांसकांची अट आठवा: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून अभाव ठरतो. शोधाची सोय करणाऱ्यांनीही ही अट पाळावी. जुनी-नवी, ऱ्हस्व-दीर्घ रूपं एकत्रच शोधावीत.