स्विमिंग पूलची जमिनीखालची पाइपलाइन गळतेय? फरशी फोडण्याआधी हे करा

कर्जतजवळ माझ्या मामाचं फार्महाऊस आहे. वीकेंडला ते भाड्याने देतो आणि पाहुणे येतात ते मुख्यतः पूलसाठी. यंदा मार्चमध्ये पूलचं पाणी रोज उतरायला लागलं. पूल ८ बाय ४ मीटरचा, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ३२० लिटर गेलं. मामाचं उतरत होतं दिवसाला जवळपास ३ सेंटिमीटर. दहा हजार लिटरचा टँकर दहा-अकरा दिवसांत गायब! ठेकेदाराने बघताक्षणी सांगितलं, "सगळी फरशी काढू, लाइन नवीन टाकू." बग कुठे आहे ते न बघता सगळा कोड नव्याने लिहायला निघालेले लोक आमच्या ऑफिसातही असतात, त्यामुळे मला हा सल्ला ओळखीचा वाटला. मामाला म्हटलं, दोन वीकेंड दे.

आधी बादली

पूलच्या पायरीवर एक बादली ठेवा आणि आतली-बाहेरची पातळी सारखी होईल इतकं पूलचंच पाणी तिच्यात भरा. दोन्ही पातळ्यांवर खूण करा. पूलमध्ये आपोआप पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा, कुणाला पोहू देऊ नका. ऊन आणि वारा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे २४ तासांनी बादलीपेक्षा पूल जितका जास्त उतरेल तितकी गळती. आमच्याकडे बादली ७ मिलिमीटर उतरली, पूल २९. म्हणजे २२ मिलिमीटर नक्की कुठेतरी झिरपत होतं.

आता हाच प्रयोग १२ तास पंप चालू ठेवून आणि १२ तास बंद ठेवून करा. पूलकडून पंपाकडे येते ती सक्शन लाइन, फिल्टरमधून पूलकडे परत जाते ती रिटर्न. पंप चालू असताना रिटर्नमध्ये दाब असतो, म्हणून तिथलं भोक तेव्हा जास्त गळतं. सक्शनचं बहुतेक वेळा उलटं. पंप चालू असताना ती पाणी सोडण्याऐवजी हवा ओढते, रिटर्नच्या तोंडातून बुडबुडे येतात, आणि पंप बंद केला की गळायला लागते. बंद असताना पाणी स्किमरच्या तोंडाशी किंवा दिव्याच्या पातळीला येऊन थांबलं, तर आधी तिथेच बघा. बॅकवॉशचा पाइपही तपासा, मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं गॅस्केट गेलं की पाणी गुपचूप गटारात जातं.

आमचे आकडे बादली वजा करून: चालू असताना १७ मिलिमीटर, बंद असताना ५. रिटर्न लाइन!

प्रेशर टेस्ट

पंपाचा एमसीबी खाली पाडला. रिटर्नच्या दोन्ही तोंडांना रबरी टेस्ट प्लग लावले आणि पंपघरातल्या युनियनपाशी प्लंबरचा हाताने मारायचा टेस्ट पंप जोडला. दाब १ किलोपर्यंत (म्हणजे चौरस सेंटिमीटरला) नेला आणि व्हॉल्व्ह बंद केला. चांगली लाइन अर्धा तास काटा हलू देत नाही. आमचा काटा चार मिनिटांत शून्यावर. ही टेस्ट पाण्यानेच करा, कंप्रेसरने नको. दाबलेली हवा प्लग गोळीसारखा उडवते.

जागा शोधायला महागडे मायक्रोफोन मिळतात. आम्ही रात्री सगळं शांत झाल्यावर लाइनमध्ये दाब ठेवून, फरशीवर लोखंडी सळई टेकवून तिला कान लावला. पंपघरापासून दीड मीटरवर सूं... आवाज स्पष्ट. दोन फरश्या काढल्या, हाताने खणलं. एल्बोखालची भर खचली होती आणि तो दगडावर टेकून चिरला होता.

दुरुस्ती, आणि माझी चूक

दुकानात "दोन इंची कपलर" मागितला आणि घेऊन आलो. बसेना! नळाच्या दोन इंची यूपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो, आमचा पाइप होता ६३ चा. बोलताना दोन्ही दोन इंचीच. एक दिवस गेला. तेव्हा कापलेला तुकडा सोबत न्या.

दुसरी अडचण: खड्ड्यातला पाइप मागे-पुढे सरकत नाही आणि साध्या कपलरच्या आत मधोमध कडा असते. म्हणून संपूर्ण सरकणारा रिपेअर कपलर घ्या, नाहीतर पाइप लवेल इतका लांब उघडा करा. टोकं पूर्ण कोरडी हवीत. हे सांगायला सोपं, पण पूलकडून पाणी ठिबकतच राहतं. तिकडचा प्लग नीट बसेपर्यंत सॉल्व्हंट सिमेंटचं झाकण उघडूच नका. पॉलिश पेपर मारा, दोन्ही पृष्ठभागांना सिमेंट लावा, पाव वळसा देऊन बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा.

२४ तास थांबून, खड्डा उघडाच ठेवून, पुन्हा प्रेशर टेस्ट केली. काटा अर्धा तास जागचा हलला नाही. मग पाइपाभोवती चारी बाजूंनी वाळू, त्यावर चाळलेली माती, थराथराने ठोकून.

या सगळ्यात पूल रिकामा करायची गरज पडली नाही. पावसाळ्यात तर तो विचारही करू नका. भूजल वर आलेलं असताना रिकामा पूल खालच्या दाबाने उचलला जाऊन तडकू शकतो.

शेवटच्या बादली प्रयोगात दोन्ही खुणा ७ मिलिमीटरच खाली गेल्या. मामाची तक्रार आता एवढीच, की नव्या दोन फरश्यांचा रंग जुन्यांशी जुळत नाही.