भोसरी परिसरातील भूमिपरीक्षा

शेती, महसूल-आकारणी व बांधकाम ह्यांसाठी भोसरी (जि. पुणे) व तिच्या आसपासच्या जमिनीची पारख करण्याच्या पद्धती व त्यांचा इतिहास. पुणे-नासिक महामार्गावरील हे गाव पवना व इंद्रायणी ह्या नद्यांच्या दरम्यानच्या उंचवट्यावर वसले असून ते आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे.

भूरचना : हा प्रदेश सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाथरांनी बनलेला आहे. ह्या थरांतील बेसॉल्ट कोठे घट्ट, तर कोठे सच्छिद्र असतो. तो झिजून प्रथम मुरूम व पुढे माती तयार होते. उंचवट्यावर व उतारांवर मातीचा थर पातळ राहून खाली लगेच मुरूम लागतो. सखल भागात व नदीकाठी मात्र वाहून आलेली काळी माती खोलवर साचते. त्यामुळे थोड्या अंतरावरही जमिनीचा गुण पालटतो.

पारंपरिक ज्ञान : काळी, मळईची, तांबडी, मुरमाड, बरड, चोपण असे जमिनीचे भेद शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते. लागवडीच्या जमिनीस ‘काळी’ व गावठाणाच्या जागेस ‘पांढरी’ म्हणत. पिकाची भूमी व घराची भूमी ह्या वेगळ्या, हा विवेक त्या जोडशब्दात दिसतो.

महसुली प्रतवारी : इंग्रजी अमलात आर. के. प्रिंगल ह्याने लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर सारा ठरविण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यात केला तो फसला. त्यानंतर १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी नवी पाहणी हाती घेतली. तिची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात निश्चित झाली. मातीचा पोत, रंग व खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती पाडण्यात आल्या. पहिल्या प्रतीस १६ आणे, तर शेवटच्या प्रतीस २ आणे मूल्य होते. चुनखडीची भेसळ, वाळसरपणा, उतार, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने धुपणे, उपळवटपणा इ. दोष आढळल्यास प्रत उतरे. पावणेदोन हात (सु. ८० सेंमी.) खोलीची बारीक पोताची काळी माती सर्वोत्तम ठरे. सातबाराच्या उताऱ्यावरील ‘आकार’ हा ह्याच प्रतवारीचा वारसा होय.

पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान ह्यांनी जवळच्याच पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून तिचा वृत्तांत १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. तीत जमिनीचा विचार धारणक्षेत्र, कर्ज व श्रम ह्यांच्या संदर्भात झालेला आहे.

औद्योगिकीकरण व मूल्यांची उलटापालट : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आल्यावर भोसरीत औद्योगिक क्षेत्र वसले. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये व महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. शेते भूखंडांत व भूखंड गुंठ्यांत विभागले गेले (एक गुंठा म्हणजे सु. १०१ चौ. मी.). ह्या स्थित्यंतरात जुनी प्रतवारी उलटी झाली. सोळा आणे प्रतीची खोल काळी माती पायासाठी सर्वांत अवघड ठरते. तीतील माँट‌्‌मोरिलोनाइट हे मृत्तिका-खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसते. परिणामी हलक्या घरांच्या भिंतींना व जोत्यांना तडे जातात. उलट, दोन-चार आण्यांचा मुरमाड माळ पायाला भक्कम आधार देतो.

म्हणून सातबारा मालकी व आकार सांगतो, पायाची खोली सांगत नाही. महसुली मोजणी जेथे थांबे, तेथून बांधकामाची परीक्षा सुरू होते. खोल काळ्या मातीत पाया ऋतुमानानुसार ओल बदलणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. रूडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने त्यासाठी तळाशी फुगीर केलेल्या स्थूणांची पद्धत विकसित केली. अशा स्थूणांची लांबी सामान्यतः ३·५ मी. वा अधिक असते. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील आर. के. कट्टी ह्यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मांडली. योग्य गुणधर्मांचा मुरूम त्यासाठी चालतो.

भूखंड घेताना : जुना नकाशा पाहून तेथे ओढा, विहीर वा खाण होती काय, हे प्रथम तपासणे अगत्याचे असते. बुजविलेल्या जागी भराव असमान खचतो. उन्हाळ्यातील भेगा व शेजारच्या घरांचे तडे पाहावेत. चाचणी-खड्डा एकाहून अधिक ठिकाणी घ्यावा. झिजलेल्या मुरमात न झिजलेले मोठे गोटे असतात. त्यांनाच सलग खडक समजल्यास पाया अर्धा गोट्यावर व अर्धा मुरमावर बसण्याचा धोका असतो. बागेसाठी निकष पुन्हा पालटतो : मुरमात मोठे खड्डे घेऊन माती व शेणखत भरावे लागते. काळ्या मातीत पाण्याचा निचरा पाहावा लागतो. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या कमतरतेमुळे पाने पिवळी पडतात. जमीन सरसकट चांगली वा वाईट नसते, तिची प्रत उपयोगावर ठरते, हेच भोसरीच्या भूमीच्या इतिहासाचे सार होय.